मागच्या सीटवरचे यशवंतअण्णा

माझी गाडी रोज सकाळी माझ्यावर एकदा तरी ओरडते. बटण दाबलं, इंजिन सुरू झालं, की लगेच टिंग-टिंग. पट्टा लाव म्हणते. मी ओढणी सावरेपर्यंत, पर्स बाजूच्या सीटवर टाकेपर्यंतसुद्धा तिला दम निघत नाही. आणि ती ओरडली की मला यशवंतअण्णा आठवतात. एखाद्या माणसाची आठवण यायला याहून बरं निमित्त असावं, जुनं गाणं, कुठला तरी वास, काहीही. पण अण्णांचं निमित्त हेच. त्यांनी हे ऐकलं असतं तर म्हणाले असते, "आठवन ऱ्हाऊ द्या अक्का, आदी पट्टा लावा."

बसवकल्याणच्या बाहेर, महामार्गाला लागायच्या आधी, चारचाकी गाड्यांचं एक शोरूम आहे. तिथं मी अकरा वर्षं कागदपत्रांच्या टेबलावर काढली. नोंदणीचे अर्ज, विम्याचे कागद, फोटो, सह्या, अंगठे. यशवंतअण्णा माझ्या आधीपासून तिथं यार्डात गाड्या पुढंमागं करायला होते. मूळचे मुडबीचे. वडील जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबले. अण्णांनी वीस-बावीस वर्षं मुडबी ते बसवकल्याण सवारीची जीप चालवली, आत बारा माणसं आणि टपावर सहा. मग गुडघा गेला आणि जीप सुटली.

नव्या गाड्यांत टीव्हीसारखे पडदे, कॅमेरे आणि नाना तऱ्हेचे आवाज यायला लागले, तेव्हा ते गिऱ्हाइकांना समजावून सांगायला कोणीतरी हवं झालं. मराठी, कन्नड आणि आमच्याकडची दखनी, तिन्ही सारख्याच अघळपघळ बोलणारा माणूस म्हणजे अण्णाच. मॅनेजरसाहेबांनी त्यांना निळा शर्ट दिला, छातीवर लावायला इंग्रजी नावाची पट्टी दिली. पट्टीवरचा हुद्दा एवढा लांब होता की तो कोणी शेवटपर्यंत वाचल्याचं मला आठवत नाही. आम्ही त्यांना समजावणारे अण्णा म्हणायचो.

काम दिसायला सोपं होतं. गाडी ताब्यात देण्याआधी घरच्या लोकांना गाडीत बसवायचं आणि तिच्यातल्या तीस गोष्टी सांगायच्या. तीस गोष्टींचा छापील कागद होता. प्रत्येकीपुढं खूण करायची आणि खाली गिऱ्हाइकाची सही घ्यायची, की सगळं समजलं. मनात आणलं तर हे पाच मिनिटांत उरकतं. अण्णांना तास लागायचा. गालात एक लवंग धरून ते संथपणे बोलत, आणि दर गोष्टीनंतर थांबून म्हणत, "ऐकलं म्हंजी झालं न्हाई. हात लावून दावा." गिऱ्हाईक घड्याळ बघायचं, बायको फोनवर बोलत असायची, मुलं हॉर्न वाजवत असायची. अण्णा थांबून राहत. हात लावून दाखवल्याशिवाय पुढची खूण होत नसे.

आणखी एक खोड होती. ते कधी पुढच्या सीटवर बसत नसत. मालक स्टीअरिंगवर, मालकीण शेजारी, आणि अण्णा मागच्या सीटवर मधोमध, दोघांच्या खांद्यांमधून बोट दाखवत सांगायचे. मला वाटायचं, गुडघ्यामुळं असेल, मागं पाय पसरता येतो म्हणून. पुढं यार्डातल्या एकानं सांगितलं. अगदी सुरुवातीला अण्णा ड्रायव्हरच्या सीटवर बसूनच समजावत. एका घरच्या म्हाताऱ्यानं त्यांना गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि आडनाव कळल्यावर म्हणाला, पहिल्यांदा आमचा माणूस बसू दे, मग तुम्ही सांगा. अण्णांचं घर बौद्ध. ते उतरले आणि मागं जाऊन बसले. त्या दिवसापासून मागचीच सीट. मी एकदा धीर करून विचारलं, तर हसले. "माजं बरंच झालं अक्का. मागं बसल्यावर कळतंय, मागचा पट्टा कोनच लावत न्हाई." मला मात्र ते ऐकून बरं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

त्याच घरांच्या पूजेत अण्णा जीव तोडून राबायचे, हे मला कधी उमगलं नाही. आमच्याकडं गाडी म्हणजे घरात येणारी सूनच. हळदकुंकू, नारळ, चाकाखाली चार लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक, पुढं झेंडूचा हार. आता पुढचा धोका बघून आपोआप ब्रेक मारणाऱ्या नव्या गाडीचे डोळे कुठं असतात? एक पुढच्या काचेवर आरशामागं आणि दुसरा पुढच्या जाळीत. आणि आमच्या बायकांचा कुंकवाचा हात कुठं जातो? नेमका तिथंच. हार कुठं बांधतात? नेमका जाळीवर. मग गाडी सुरू केली की पडद्यावर लाल अक्षरं आणि आवाज. मुडबीची एक म्हातारी तर घाबरून खालीच बसली होती. "पयल्याच दिशी कोकलायली बाई ही! ही गाडी आमच्या घराला न्हाई धार्जिनी." मुलगा ओरडला, "बंद करा ते, आदी बंद करा!" आणि अशा रीतीनं ते यंत्र पूजेच्या दिवशी जे बंद झालं, ते कायमचंच.

तेव्हापासून अण्णा पूजेचं ताट स्वतः हातात धरून उभे राहू लागले. पूजेआधी काचेवर त्या जागी कागदाचा चौकोनी तुकडा चिकटवत. हार जाळीवरून काढून दोन्ही आरशांना वाटून देत. अशाच दुसऱ्या एका म्हातारीला त्यांनी कन्नडमिश्रित मराठीत समजावलं, "आक्का, हितं गाडीचे डोळे हायत. नव्या सुनंच्या डोळ्यात कुकू घालतेत का?" म्हातारी म्हणाली, "न्हाई बाबा," आणि तिनं कुंकू बॉनेटच्या कोपऱ्यात लावलं. बौद्ध घरची गाडी असली तरी अण्णांची सुटका नसायची. तिथं कुंकू नसे, पण वंदना झाली की पांढऱ्या फुलांचा हार थेट पडद्यावरच चढायचा. मग अण्णा हळूच तो हार उचलून बाजूला घेत. खिशात एक पांढरं सुती फडकं असायचं, त्यानं पुढचे-मागचे दोन्ही कॅमेरे पुसून देत. एवढं सगळं करून झालं, की घरचे लोक वरचं छत उघडायचे, मुलं छतातून अर्धी बाहेर यायची आणि फोटो निघायचे. तीस गोष्टींपैकी ते छत तेवढं सगळ्यांना न सांगता यायचं.

खरी गंमत सहा महिन्यांनी असायची. वरून अजून एक कागद येई. गिऱ्हाइकाला फोन करून विचारायचं, हे वापरता का, ते वापरता का, आणि पुढच्या चौकोनात होय किंवा नाही लिहायचं. दुसऱ्या कोणी हे काम केलं असतं तर त्यानं चहाच्या वेळेत पंधरा कागदांवर होय लिहून टाकलं असतं. अण्णा खरोखरच फोन करायचे. आळंदकडचा एक शेतकरी म्हणाला, "अण्णा, रस्त्यावर तुरीची रास घातलेली असती. गाडी रास बगून आपल्या आपन ब्रेक मारायली. मागनं ट्रॅक्टर धडकल्यावर कोन जिम्मेदार? बंद केलंय." कोणी म्हणाला, पांढरी रेघ ओलांडली की स्टीअरिंग थरथरतं म्हणता, पण आधी आमच्या रस्त्याला रेघ तर मारा. कडगंचीकडचे एक प्राध्यापक मात्र म्हणाले की ते सगळं वापरतात. पुढच्याच आठवड्यात ते सर्व्हिसिंगला आले, तर पडद्यावरचं कारखान्यातलं प्लॅस्टिक तसंच होतं. अण्णांनी सगळ्यांच्या कागदावर नाही लिहिलं. प्राध्यापकांच्याही.

मॅनेजरसाहेब वैतागायचे. माणूस वाईट नव्हता, त्यालाही वरून बोलणी बसत. "अण्णा, सगळीकडं होय येतंय, तुमच्याच कागदावर नाही कसं?"

"सायेब, व्हय लिवायला माजं काय जातंय? पन ते लावत न्हाईत की."

"अहो, पण वाचतंय कोण!"

"मंग न्हाई लिवलं तरी काय बिगडतंय?" असं म्हणून अण्णा लवंग दुसऱ्या गालात सरकवायचे.

त्यांच्या तडाख्यातून मीही सुटले नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकून मी आमच्याच शोरूममधून लहानशी गाडी घेतली. सहा महिने झाल्यावर अण्णांनी मला फोन केला. मी माझ्या टेबलावर, ते दहा हातांवर त्यांच्या खुर्चीत. म्हटलं, अण्णा, उठून या की. तर म्हणाले, कागदावर फोन करून विचारा म्हणून लिहिलंय. "अक्का, पट्टा लावता का?" मी म्हटलं, "लावते की." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि लिहिलं, नाही. मी तडक उठून गेले. म्हटलं, मी हो म्हणाले आणि तुम्ही नाही कसं लिहिता? ते शांतपणे म्हणाले, "गाडी बाहीरच हुबी हाय की. काचंतनं किलीप दिसायली." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चोरी पकडली गेल्याचा राग होता तो, दुसरं काही नाही.

ही क्लिप काय ते सांगायला हवं. बोटाएवढी वस्तू. पुढं लोखंडी जीभ, मागं प्लॅस्टिकची मूठ. सीटच्या बाजूला पट्टा अडकवायची जी खोबण असते, तिच्यात ही जीभ सारायची. गाडीला वाटतं माणसानं पट्टा लावला, आणि ती गप्प बसते. आमच्याकडं सीटकव्हर, पायपुसणी असल्या वस्तूंचं काउंटर होतं, तिथं या क्लिपाही मिळत. जागा नसल्यानं त्यांचा खोका माझ्या टेबलाखाली असायचा. कोणी मागितली की मीच हात घालून काढून द्यायची. पेढा देतात तशी.

मन्नाएखेळ्ळीच्या महादेवलाही मीच दिली होती. महादेव म्हणजे महामार्गावर पंप आणि पाइपांचं दुकान असलेला पस्तिशीचा हसरा माणूस. गाडी घेताना त्यानं अण्णांची फार थट्टा केली, पण तिसाच्या तीस गोष्टी हात लावून दाखवल्या. जाताना अण्णांच्या पाया पडला. सहा महिन्यांनी अण्णांनी फोन केला, तेव्हा मी समोरच होते. महादेवचा आवाज एवढा मोठा की फोनमधून मलाही ऐकू आला. "अण्णा, तुमाला खोटं कामून बोलू? दुकान ते शेत चार किलोमीटर. पट्टा कशाला? किलीप हाय की, तुमच्याच हितली." अण्णाही हसले आणि त्यांनी लिहिलं, नाही, क्लिप लावतात. कागद माझ्याकडं आला, मी फाइलला लावला.

त्यानंतर दोन महिन्यांनी, दिवस मावळताना, मन्नाएखेळ्ळीच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या उसाच्या ट्रॉलीवर महादेवची गाडी जाऊन आदळली. ट्रॉलीला ना दिवा होता, ना लाल फडकं. मागं बसलेली बायको खरचटण्यावर निभावली. महादेवची छाती, जबडा आणि उजवा पाय गेला. त्याला सोलापूरला नेलं. तो जगेल की नाही हेच पंधरा दिवस कळत नव्हतं.

मग त्याचे वडील आले. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणत होतो. पांढरं धोतर, टोपी, आणि डोळे झोप न झालेले. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "गाडीतलं हवेचं फुगं उगडलं. तरी माजं लेकरू असं कसं झालं? पट्टा लावला हुता त्यानं. पट्ट्यानं धरलंच न्हाई. गाडीतच खोट हाय." कंपनीनं हैदराबादहून एक तपासणीस पाठवला. त्यानं गाडीतलं यंत्र उघडून त्याची नोंद काढली. गाडीच्या नोंदीत लिहिलं होतं, धडकेच्या वेळी पट्टा लावलेला होता. गाडी बिचारी काय सांगणार, तिच्या खोबणीत लोखंडी जीभ होती, तिला तेवढंच कळत होतं. क्लिप तर महादेवला ओढून काढण्याच्या गडबडीत कुठं पडली कोणाला ठाऊक.

म्हणजे गाडी म्हणत होती होय. महादेवच्या सहीचा कागद म्हणत होता, सगळं समजलं. घरचे म्हणत होते, लावला होता. नाही म्हणणारा जगात एकच कागद होता, आणि तो माझ्या फाइलमध्ये होता.

तपासणीस दुसऱ्या दिवशी फाइल बघणार होता. आदल्या दुपारी साहेबांनी अण्णांना आणि मला आत बोलावलं. म्हणाले, क्लिप आपल्या काउंटरची निघाली तर शोरूमची अब्रू जाईल. आणि त्या घराचं तरी काय भलं होणार आहे? गाडीत खोट निघाली तर त्यांना निदान भरपाई मिळेल, आणि पोरानं स्वतः चूक केली हे म्हाताऱ्याला ऐकावं लागणार नाही. हा कागद कोणालाच नकोय. नवा करा, होय लिहा, सही करा. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, टाइप करून द्या."

आणि मी टाइप करून दिला. इथं काही लपवण्यात अर्थ नाही. साहेबांचं बोलणं मला पटलंही होतं, निदान मी तसं स्वतःला सांगितलं. शिवाय खोका माझ्याच टेबलाखाली होता.

अण्णांनी नवा कागद चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. मग तो घेऊन माझ्या टेबलाशी आले. "अक्का, हे करताना तुमचा हात थांबला न्हाई?"

मी म्हटलं, "अण्णा, त्या घराचा विचार करा."

"त्याच घराचा करायलोय. म्हातारं हयातभर समजनार, पट्ट्यानं दगा दिला. मंग धाकटा लेक पट्टा लावल का? बगून भावकीतलं कोन लावल?" मग म्हणाले, "आन एक सांगू? त्यानं मला खरं सांगितलं हुतं. मी हसलो. लिवलं आन फोन ठिवला. मन्नाएखेळ्ळी काय लंकंत हाय? जाऊन उपसून आनली असती तर? मी कागदच भरत बसलो."

त्यांचे डोळे भरले होते. मी मान खाली घालून कागद सारखे करत राहिले. त्यांनी नवा कागद घडी करून माझ्या टेबलावर ठेवला, सही न करता. जुन्या कागदावर, स्वतःच्या ओळीखाली, पेनानं दोन ओळी आणखी लिहिल्या. क्लिप आमच्याच काउंटरची. हे कळूनही मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद स्वतःच्या हातानं तपासणीसाला दिला.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. आमच्या काउंटरवरच्या क्लिपा गेल्या. महादेवच्या घरी काही मिळालं नाही. अप्पा पुन्हा आले ते थेट अण्णांकडं, आणि गेटपाशी सगळ्यांसमोर म्हणाले, "माजं लेकरू मरायला टेकलंय आन तू त्याच्यावरच बालंट घेतलंस." अण्णांनी हात जोडले, मान वर केली नाही. महिनाअखेरीला साहेबांनी त्यांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. अण्णांनी छातीवरची पट्टी काढून माझ्या टेबलावर ठेवली, खिशातलं फडकं मात्र ठेवून घेतलं. फाटकाबाहेर जाऊन हेल्मेट घातलं, हनुवटीखालचा बंद नीट लावला. आमच्याकडं हेल्मेट कोपराला अडकवायची वस्तू आहे, डोक्यात घालणारे ते एकटेच. जुनी मोटारसायकल दोन-तीन लाथांत सुरू झाली आणि ते गेले. मी त्यांना निरोप द्यायला फाटकापर्यंतही गेले नाही.

वर्षभरानं मीही ते काम सोडलं. थकले होते. होय-नाहीचे कागद सारखे करून करून माणूस थकतो.

गेल्या हिवाळ्यात मुलीकडं हैदराबादला जात होते. मन्नाएखेळ्ळीला चहाला थांबले, तर समोर पाइपांच्या थप्प्या आणि महादेवचं दुकान. गल्ल्यामागं महादेव, मांडीवर काठी आडवी, जबडा एका बाजूला बसलेला. आणि दुकानाच्या पायरीवर स्टुलावर अण्णा. निळा शर्ट नव्हता, पांढरा सदरा होता, पण गालात लवंग होती. माझ्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. चहाच्या टपरीपाशी कोणतीही गाडी थांबली की ते गुडघ्यावर हात देऊन उठत, ड्रायव्हरच्या काचेशी जात, वाकून काहीतरी विचारत आणि तळहात पुढं करत. एकानं काच वर केली. दुसऱ्यानं काहीतरी वंगाळ बोलून गाडी पुढं घेतली. तिसऱ्यानं, काय झालं कोण जाणे, खोबणीतून क्लिप उपसून त्यांच्या हातावर ठेवली.

मी दुकानात गेले. महादेवनं ओळखलं. त्याचं बोलणं आता सावकाश होतं. "हे असंच चाललंय अक्का. धा जनातले आठ शिव्या देतेत. मी म्हंतो बसा की गप, ऐकत न्हाईत."

"पण ते इथं कसे?" मी विचारलं.

"सोलापूरवरनं आल्यावर मीच बलावलं. अप्पा माज्यासंगं चार म्हैने बोलले न्हाईत. मी त्यांना म्हनलं, अप्पा, समदे माज्या बाजूनं खोटं बोलायलते. खरं बोलनारा हा एकच माणूस. ह्याला तरी सांभाळू." दुकानाच्या कोपऱ्यात बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा होता. महादेवनं काठीनं त्याला ठोकलं, आत लोखंड खळखळलं. "आता अप्पाच रोज त्यांचा डबा घिऊन येतेत."

मी चहा न घेताच गाडीकडं निघाले. गाडीत बसले, तोवर अण्णा काचेशी आले. "अक्का, पोरगी बरी हाय का?" मी बरी आहे म्हटलं. मग त्यांची नजर माझ्या कंबरेशी गेली, सीटच्या बाजूच्या खोबणीत. तिथं क्लिप होती. एवढं सगळं बघून, तो कागद स्वतःच्या हातानं टाइप करून, माझ्या गाडीत ती तशीच होती. मला माझी शरम वाटली.

अण्णांनी फक्त तळहात पुढं केला. मी क्लिप ओढली, ती इतक्या दिवसांत घट्ट बसली होती. मी त्यांच्याकडं पाहिलं. "हां, तुमीच काडा," म्हणाले. मी दोन्ही हातांनी ओढली, ती सुटली, आणि त्यांच्या हातावर ठेवली. गाडी सुरू केली तशी टिंग-टिंग सुरू झालं. मी पट्टा ओढून लावेपर्यंत अण्णा दारावर हात ठेवून उभे होते. आवाज थांबला, तेव्हा त्यांनी हात काढला.

"सा म्हैन्यानं फोन करतो," ते म्हणाले.

"आता कागद कुठाय, अण्णा?"

"कागद न्हाई. नुस्तं इचारतो."

पुढं ट्रक लागला होता, मला गाडी मागं घेऊन काढायची होती. मी सवयीनं मान वळवली, तर ते ओरडले, "मागं नका बगू, पडदा बगा!" आणि लंगडत गाडीच्या मागं गेले. मी रिव्हर्स टाकला. पडदा उजळला, पण सगळं धुळीनं पिवळं, काही दिसेना. मग त्यात एक पांढरं फडकं आलं, इकडून तिकडं फिरलं, आणि अण्णा दिसू लागले, अगदी स्वच्छ. एक हात वर करून, या, या, अजून या, म्हणत होते. तीन वर्षांत मी तो पडदा पहिल्यांदाच नीट बघत होते. गाडी ट्रकपासून मोकळी झाली, तसा त्यांचा हात थांबला. मग मुडबीच्या जीपवर मारायचे तशी त्यांनी डिकीवर दोनदा थाप मारली, म्हणजे जाऊ द्या.